साभार परत

'साभार परत' ही चिठ्ठी ज्याला कधी पोस्टाने आली नाही, तो मराठी लेखक नव्हेच! चिठ्ठीने मन खट्टू होते खरे; पण संपादकाने ती कथा लिहवून घेण्यासाठी आधी पदरचे पैसे तरी मोजलेले नसतात. अमेरिकेत २००१ साली मात्र पैसे मोजून करवून घेतलेला माल साभार परत झाला, आणि पुढे जे घडले ते आपल्या एखाद्या एकत्र कुटुंबात शोभावे.

शिकागोचा 'विल्को' नावाचा बँड. जेफ ट्वीडी या गायकाने १९९४ साली तो उभा केला. संगीत रॉकच, पण ज्याला 'इंडी' म्हणतात त्या वळणाचे. म्हणजे बाजाराच्या हिशेबापेक्षा स्वतःच्या कानावर भरवसा ठेवणारे. रॉक म्हटले की वडीलधाऱ्यांचे हात आधी कानांकडे जातात. पण ही गाणी रात्री, हळू आवाजात, एकट्याने ऐकण्याची आहेत.

आपल्याच जागेत बसून त्यांनी 'यांकी हॉटेल फॉक्सट्रॉट' हा अल्बम केला. हेरांसाठी चालवली जात असे मानतात अशी काही गूढ रेडिओ केंद्रे होती. त्यांतल्या एका ध्वनिमुद्रणात एक बाई हे तीन शब्द पुन्हापुन्हा म्हणते, तिथून हे नाव आले. सरळ चालीचे गाणे घ्यायचे, त्यावर खरखर, घंटा, पियानो असे थरांवर थर चढवायचे, आणि पुन्हा सगळे मोडायचे! अखेर जिम ओ'रूर्क या जाणत्या माणसाकडे मिश्रणाचे काम दिले, तर त्याने त्यातले बरेच काढूनच टाकले. चढवण्यापेक्षा हे काढण्याचे कसब मला मोठे वाटते.

या साऱ्याचा सॅम जोन्स याने एक कृष्णधवल चित्रपट केला आहे. त्यातला एक प्रसंग मला विसरता येत नाही. ट्वीडी आणि त्याचा जोडीदार जे बेनेट हे एक गाणे संपून दुसरे कसे सुरू व्हावे, एवढ्याशा गोष्टीवर वाद घालतात. दोघेही आवाज चढवत नाहीत. वाद मात्र सरत नाही. शेवटी अर्धशिशीने बेजार झालेला ट्वीडी आत जाऊन ओकतो. दोन भावांच्या वाटण्या होताना असेच दिसते, नाही? २००१ मध्येच बेनेटला बँडबाहेर जावे लागले.

इकडे 'रिप्रीझ' कंपनीने अल्बम ऐकला आणि नाक मुरडले. हक्क घेऊन मोकळे व्हा, म्हणाली. मूळ बेताप्रमाणे ११ सप्टेंबर २००१ रोजी तो बाजारात यायचा होता! त्या दिवशी न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले. आठवड्याने, १८ तारखेला, विल्कोने सगळा अल्बम इंटरनेटवर फुकट ऐकायला ठेवला. हादरणाऱ्या उंच इमारतींचा उल्लेख, 'अ‍ॅशेस ऑफ अमेरिकन फ्लॅग्ज' हे गाणे, मुखपृष्ठावर शिकागोच्या मरीना सिटीचे जुळे मनोरे. हे सारे आधीच झालेले; पण ऐकणाऱ्यांना ते आपल्याच दुःखासाठी केल्यासारखे वाटले. त्या शरदात दौऱ्यावर गेल्यावर पाहतात तो काय, विकत न मिळणारी गाणी श्रोत्यांना तोंडपाठ!

मग 'नॉनसच' कंपनीने अल्बम घेतला. गंमत अशी, की रिप्रीझ आणि नॉनसच या दोन्ही टाइम वॉर्नरच्याच घरच्या. थोरल्या सुनेने दारावरून परत पाठवलेली भाजी धाकटीने मागच्या दाराने घेतली. पैसे दोन्ही वेळा सासऱ्याचेच गेले! एप्रिल २००२ मध्ये अल्बम निघाला आणि बिलबोर्डच्या यादीत थेट तेराव्या क्रमांकावर बसला. त्या वर्षी 'व्हिलेज व्हॉइस'ने समीक्षकांचा कौल घेतला, त्यात तर तो पहिला आला.

रिप्रीझला हसणे सोपे आहे, आणि जग पुष्कळ हसलेही. माझे लक्ष मात्र श्रेयनामावळीकडे जाते. अकरा गाण्यांपैकी आठांवर ट्वीडी आणि बेनेट अशी दोघांची नावे आहेत. ती गाणी गावोगाव गाजली तेव्हा मंचावर बेनेट नव्हता. २००९ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तो वारला. २०२२ मध्ये या अल्बमची मोठी पेटी निघाली. तिच्यात त्या वेळचे मोडून टाकलेले कच्चे खर्डे आहेत, आणि त्यांत ही जोडी अजून एकत्र वाजवते आहे.