दुखऱ्या पाठीवरचा हात कुणाचा?



कंपवात म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर थरथरणारा हात येतो. चहा बशीत सांडतो, सही वाकडी येते, घरातलं वडीलधारं माणूस पावलं घासत चालतं. दुखणारं अंग मात्र डोळ्यांसमोर येत नाही. कंप चारचौघांना दिसतो, वेदना ज्याची त्यालाच कळते. न दिसणाऱ्या गोष्टींचा हिशोब मागणं हे आपलं जुनंच काम. म्हणून या वेळचं संपादकीय कंपवातातल्या दुखण्याबद्दल, त्यावर होणाऱ्या मालिशबद्दल आणि ती मालिश करणाऱ्या हातांबद्दल.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला, त्यावरून त्याला पार्किन्सन्स हे नाव पडलं. त्यांनी सहा रुग्णांचं वर्णन केलं होतं. सहाही पुरुष. त्या वर्णनातही बोटांपर्यंत उतरणाऱ्या, संधिवातासारख्या दुखण्याचा उल्लेख आहे. तरी पुढे फार काळ डॉक्टरांचं लक्ष राहिलं ते कंप, ताठरपणा आणि मंदावलेल्या हालचालींवर. आज निरनिराळे अभ्यास सांगतात की ४० ते ८५ टक्के रुग्णांना या आजारात कुठलं ना कुठलं दुखणं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगात या आजाराची ८५ लाखांहून अधिक माणसं होती. म्हणजे हा मूठभरांचा प्रश्न नाही.

दुखतं कशाने, हे थोडं समजून घेऊ या. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन तयार करणाऱ्या पेशी या आजारात कमी होत जातात. हालचालींवरचा ताबा सुटतो, स्नायू ताठरतात. सतत ताठरलेल्या स्नायूंमुळे मान, खांदे, कंबर ठणकतात. हा झाला एक प्रकार. दुसरा प्रकार पेटक्यांचा. पहाटे पायाची बोटं आत वळतात, पोटरीत गोळा येतो. रात्रीच्या गोळीचा असर तोवर उतरलेला असतो, म्हणून असं होतं. तिसऱ्या प्रकारात मणक्यापाशी मज्जातंतू दाबला जाऊन पायात कळ जाते. आणि चौथ्यात जागच्या जागी जळजळ होते, टोचतं, पण तिथे सूज नसते की मार लागलेला नसतो. मेंदूची वेदना ओळखण्याची यंत्रणाच बिघडलेली असते. हे प्रकार वेगळे ओळखायचे, कारण प्रत्येकावरचा इलाज वेगळा आहे.

स्त्रियांच्या बाबतीत ही ओळख होण्याआधीच दुखण्यावर शिक्का बसतो. पाळी गेल्यावर असं होतंच, वय झालं, वात आहे, मन कामात घाला. एक खांदा आखडणं हे कंपवाताचं अगदी सुरुवातीचं लक्षण असू शकतं. पण चाळीस वर्षं धुणं धुतलेल्या बाईचा खांदा दुखला तर त्याचं नवल कुणाला वाटतं? तिला स्वतःलाही वाटत नाही. ती बाम लावते आणि कामाला लागते.

आता मालिशकडे येऊ. अंगाला तेल लावणं ही आपल्याकडे काही नवी उपचारपद्धती नाही. बाळाला आणि बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणाऱ्या बाया गावोगाव आहेत. कंबर धरली की पाठीवर तेल जिरवणं हे घराघरातलं ज्ञान आहे, आणि ते मुख्यतः बायकांनी सांभाळलं आहे. मोठ्या शहरांतल्या चकचकीत केंद्रांत हेच ज्ञान आज भारी दरात विकलं जातं, तेव्हा ते कुणाचं होतं हे विसरायचं कारण नाही.

कंपवातात मालिशचा उपयोग होतो का? ताठरलेल्या स्नायूंचं दुखणं, ताण आणि झोप न येणं यांत अनेकांना तिने आराम पडतो. जपानमध्ये ‘अन्मा’ नावाच्या पारंपरिक मालिशचा कंपवाताच्या रुग्णांवर अभ्यास झाला, त्यातही मालिशनंतर काही लक्षणांत सुधारणा दिसली. पण असे अभ्यास लहान आहेत, रुग्ण थोडे आहेत, आणि मिळणारा आराम बहुधा काही तासांचा किंवा दिवसांचा असतो. मालिशने आजार बरा होत नाही, त्याची वाढ थांबते असाही पुरावा नाही. नियमित व्यायामाच्या बाजूने असलेला पुरावा यापेक्षा भक्कम आहे. म्हणून कुणी महिनाभराच्या मालिशने कंपवात मुळापासून जाईल असं सांगून दागिने गहाण टाकायला लावत असेल, तर तिथे आपण ठामपणे नाही म्हणायला हवं. औषधाच्या जोडीला मालिश, औषधाच्या जागी नव्हे.

बैठकीत सांगण्यासारख्या काही साध्या गोष्टी आहेत. गोळीचा असर चालू असताना मालिश केली तर अंग सैल असतं आणि दुखत नाही. दाब हलका ठेवावा, कारण उतारवयात, विशेषतः बायकांची, हाडं ठिसूळ झालेली असतात. या आजारात एकदम उठल्यावर रक्तदाब उतरून चक्कर येते, म्हणून मालिशनंतर आधी बसवावं, मग उभं करावं. तळव्यांचं तेल पुसूनच जमिनीवर पाय टेकवू द्यावा, कारण घसरून मोडलेलं खुब्याचं हाड माणसाला कायमचं अंथरुणाला खिळवू शकतं. एकाच पायाची पोटरी सुजली असेल, लाल, गरम झाली असेल तर ती मुळीच चोळू नये. आत रक्ताची गुठळी असू शकते, तडक डॉक्टरांकडे न्यावं. ताप, जखम, पडल्यानंतरचं दुखणं असेल तरी आधी तपासणी. पहाटेचे पेटके रोजचेच झाले असतील तर डॉक्टरांना सांगावं, गोळीची वेळ किंवा मात्रा बदलून ते कमी होऊ शकतात. आणि खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण आपल्या मनाने देऊ नये. या बियांत लेव्होडोपा असतो, हे भारतीय संशोधकांनी १९३७ सालीच दाखवून दिलं होतं. कंपवाताची मुख्य गोळी त्याच द्रव्याची. दोन्ही एकत्र घेतली तर मात्रा नकळत वाढते.

इथवरचा भाग कुठल्याही आरोग्यपुस्तिकेत सापडेल. तिथे न सापडणारा प्रश्न असा, की रोज अर्धा तास मालिश करावी असा सल्ला मिळतो तेव्हा तो अर्धा तास कुणाच्या दिवसातून काढला जातो?

आमच्या सल्ला केंद्रात एक सून आली होती. मारहाणीची तक्रार नव्हती. पहाटे पाचला उठून सासऱ्यांना तेल लावणं, शेक देणं, आंघोळ घालणं, मग डबे, मग बालवाडीतली नोकरी. आता नोकरी सोड असं घरचे म्हणत होते. नवरा चांगला होता, पण आपल्याला असलं जमत नाही, आपला हात जड आहे, असं त्याचं म्हणणं. मुलाचा हात जड आणि सुनेचा हलका हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? हात शिकल्याने हलका होतो. ती तरी माहेरून शिकून कुठे आली होती?

केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरच्यांची देखभाल करताना आढळल्या. पुरुष २१.४ टक्के. त्या स्त्रियांची रोजची १४० मिनिटं त्यात जात होती, पुरुषांची ७४. यात मुलांचं करणंही आलं. पण म्हाताऱ्या, आजारी माणसांचं करणं त्याच हातांवर येऊन पडतं, हे आपण सगळ्याजणी पाहतोच आहोत.

आता उलट बाजू बघा. कंपवात पुरुषांना जास्त होतो, पण स्त्रियांनाही होतो. मग त्यांची पाठ कोण चोळतं? ‘न्यूरॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली एक अभ्यास छापून आला. चार देशांतल्या सात हजारांहून अधिक रुग्णांचा. काळजी घेणारं कुणी आहे असं पुरुष रुग्णांपैकी सुमारे ८८ टक्क्यांनी सांगितलं, स्त्री रुग्णांपैकी सुमारे ७९ टक्क्यांनी. पैसे देऊन माणूस ठेवायची वेळही स्त्रियांवर लवकर येत होती. ते देश श्रीमंत होते. पण आपल्या वस्तीतल्या एका मावशींनी बैठकीत हेच सांगितलं होतं. नवऱ्याच्या पक्षाघातात सहा वर्षं त्यांनी त्यांचं अंग रगडलं. आता त्यांचे हात कापतात, मान धरते, तर संध्याकाळी कुणाला हाक मारायची हे त्यांना कळत नाही. कुणी वाईट वागत नाही. फक्त त्यांचंही अंग दुखत असेल, हे कुणाच्या लक्षात येत नाही. आयुष्यभर दुसऱ्याला हात देणाऱ्या बाईला स्वतःसाठी हात मागायची सवयच राहात नाही.

ज्या घरी ऐपत आहे तिथे हे काम पगारी बाईकडे जातं. ती दुसऱ्या वस्तीतून दोन बस बदलून येते, वाकून वाकून तिचीच कंबर जाते. तिला आठवड्याची सुट्टी नाही, आजारपणाची रजा नाही, शिकवलेलं काही नाही. वर अंगाला हात लावण्याचं काम म्हणून लोक तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरालाही कामाचं ठिकाण मानतो, आणि तिला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. हे तिला सांगितलंय कुणी?

याच संदर्भात एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या कंपवातावरच्या काही औषधांमुळे काही रुग्णांत जुगाराची, खरेदीची किंवा लैंगिक इच्छा अनावर होते. त्याचा जाच बायकोला, सुनेला, कामाच्या बाईला होतो, आणि लाजेने कुणी बोलत नाही. बायका समजतात, म्हातारपणी माणूस बिघडला. डॉक्टरांना सांगितलं तर औषध कमी करून वा बदलून हे बहुतेकदा आटोक्यात येतं. आपल्या मनाने औषध एकदम बंद मात्र करू नये, त्याने धोका होतो. पण कारण औषधात सापडलं म्हणून तिने सोसत राहावं, असा त्याचा अर्थ होत नाही. त्या काळात ते काम पुरुषाने करावं, तिला त्या खोलीत एकटं पाठवू नये.

मग आपण गटांनी काय करायचं? घरी मालिश करा असा सल्ला मिळाला की तो घरच्या सगळ्यांसमोर, मुलासमोर आणि जावयासमोर द्यायला फिजिओथेरपिस्टना सांगू या, आणि हात कसा ठेवायचा हे पुरुषांना तिथेच शिकवायला लावू या. पाळी वाटून घेऊ या, आणि करणारीला आठवड्याची सुट्टी मिळायलाच हवी. पगारी बायांच्या संघटनेत या कामाचे दर, रजा आणि प्रशिक्षण यांचा विषय घेऊ या. मुंबई-पुण्यात कंपवाताच्या रुग्णांचे स्वमदत गट आहेत, जिथे असे गट नाहीत, तिथे बचत गटाच्या बैठकीतून सुरुवात होऊ शकते.

आणि कायदा. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने कंपवाताचा समावेश अपंगत्वाच्या यादीत केला आहे, म्हणजे प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. जास्त आधाराची गरज असलेल्यांना काळजी घेणाऱ्या व्यक्तीसाठी भत्ता देण्याची तरतूदही त्याच्या चोविसाव्या कलमात आहे. अर्थात, सरकारने आपल्या आर्थिक कुवतीनुसार योजना कराव्यात, असं तिथेच म्हटलं आहे, आणि अशा वेळी पहिली कात्री कुठे लागते हे आपल्याला ठाऊक आहे. पण एक गोष्ट त्या कलमाने कबूल केली आहे, की काळजी घेणं हे काम आहे आणि त्याला मोल आहे. ही कबुली धरून आपण पुढची मागणी करू शकतो.

सेवा करू नका असं आम्ही म्हणत नाही. दुखऱ्या अंगावरून कुणी मायेने हात फिरवावा ही माणसाची गरज आहे, बाईचीही आणि पुरुषाचीही. म्हणूनच ती एकीच्याच हातांवर टाकून चालणार नाही.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत दोन प्रश्न विचारा. तुमच्या घरात दुखऱ्या माणसाचं अंग कोण चोळतं? आणि तिचं दुखतं तेव्हा कोण? उत्तरं आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात त्यांना जागा राखून ठेवली आहे.