एका तटबंदीत मावलेला देश

९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत अटक झालेल्या काँग्रेसच्या नेत्यांना नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणण्यात आले. त्या बारा बंदिवानांत पंडित नेहरू संयुक्त प्रांताचे, सरदार पटेल गुजरातचे, पट्टाभी सीतारामय्या आंध्रचे, हरेकृष्ण महताब ओरिसाचे, प्रफुल्लचंद्र घोष बंगालचे, आचार्य कृपलानी सिंधचे, तर शंकरराव देव महाराष्ट्राचे. मातृभाषा निराळ्या, धर्मही निराळे. तट मात्र एकच. याच बंदिवासात १९४४ साली नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ इंग्रजीत लिहिला, तर मौलाना आझाद यांनी ‘गुबार-ए-खातिर’मधील पत्रे उर्दूत लिहिली.

ते नेते सरकारच्या हुकमाने एकत्र आले होते. तटाबाहेरचे नगर मात्र स्वेच्छेने एकत्र आले. १४९० मध्ये अहमद निजामशहाने वसविलेल्या या शहरात मारवाडातून जैन व्यापारी आले, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशन आले आणि फाळणीनंतर सिंधी व पंजाबी कुटुंबे आली. जिल्ह्याचा भूगोलही असाच बहुरंगी आहे. अकोले तालुक्यात १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर, प्रवरेच्या कालव्यांवर उसाचे मळे, तर पाथर्डी-जामखेडकडे पावसाची प्रतीक्षा. त्याच पाथर्डी तालुक्यातील चिचोंडीत जन्मलेले आनंदऋषीजी पुढे अखिल भारतीय श्रमणसंघाचे आचार्य झाले. नगरमध्ये त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या रुग्णालयात सर्व समाजांचे रुग्ण येतात.

कापडबाजारातील जुन्या पेढ्यांवर घरची बोली मारवाडी आणि गिऱ्हाइकाशी बोलणे मराठीत, असा रिवाज होता. उधारी देताना जात नव्हे, पत पाहिली जाई. विणकराची पत त्याच्या हातमागावर, शेतकऱ्याची त्याच्या शब्दावर जोखली जाई. सुगी बुडाली की पुढच्या सुगीपर्यंत थांबण्याचे धैर्य याच ओळखीतून येई.

अलीकडे ‘व्यवहार आपल्याच माणसांशी करावा’ असा सल्ला मोबाईलवरून सहज फिरतो. त्यात आपुलकी असेल, पण हिशोब नाही. सारे कर्ज एकाच प्रकारच्या खातेदारांना देणारी बँक पहिल्याच दुष्काळात अडचणीत येते. पेढीचे आणि गावाचेही तसेच आहे. ज्या वाडवडिलांना या मातीने परके मानले नाही, त्यांच्या नातवंडांनी इतरांना परके मानणे म्हणजे मिळालेल्या मुद्दलाचाच विसर पडणे होय.

येत्या वहीपूजनाला प्रत्येक पेढीने आपली खातेवही एकदा उघडून पाहावी. तीत किती समाजांची नावे आहेत, यावरून पेढीची खरी पत कळेल.