मोडीत काढण्यापूर्वी

कावेरीकाठचे कुंभकोणम हे देवळांचे गाव. ज्या तंजावरच्या परिसरात ते वसले आहे, तेथे १६७६ ते १८५५ या काळात मराठी राजघराणे नांदले. त्यामुळे मराठी वाचकाला ते अगदीच परके नाही. या गावची पितळी भांडी आणि जवळच्या नाचियारकोविलच्या समया दूरवर नावाजलेल्या आहेत. पितळेच्या व्यवहारात एक जुने शहाणपण आहे. कल्हई उडाली म्हणून कोणी पातेले टाकून देत नाही. त्याला पुन्हा कल्हई करून घेतात. तळच गेला, तर मात्र ते मोडीत घालतात आणि मोडीतले पितळही पुन्हा मुशीत जाते. भांडे निराळे आणि कल्हई निराळी, हा भेद घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतो. संगणकाच्या बाबतीत मात्र हाच भेद विसरला जातो.

तमिळनाडू शासनाने २०११ मध्ये शासकीय व अनुदानित शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्याची योजना सुरू केली. काही वर्षांतच असे लाखो लॅपटॉप राज्यातील घराघरांत पोचले. ज्या घरात पूर्वी संगणक आला नव्हता, तेथे तो प्रथमच आला. पुढे विंडोज ७ या प्रणालीचे पाठबळ २०२० मध्ये आणि विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. विंडोज ११ ला तर नवा प्रोसेसर आणि सुरक्षेची विशिष्ट चिपच लागते. परिणामी, ज्यांचा पडदा, कळफलक आणि प्रोसेसर धडधाकट आहे, अशी असंख्य यंत्रेही ‘जुनी’ ठरली. येथे भांड्याचा तळ गेलेला नाही. केवळ कल्हई उडाली आहे.

ही नवी कल्हई म्हणजे लिनक्स. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये आपल्या ३८६ जातीच्या संगणकावर तिचा गाभा लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. आज जगभरातील कार्यकर्ते आणि कंपन्या मिळून ती सांभाळतात. तिची संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येते. परवान्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. भारतात सी-डॅकने ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली २००७ मध्ये प्रसिद्ध केली. तीत तमिळ, मराठी आणि इतर भारतीय भाषांची सोय आहे. विंडोज एक्सपीचे पाठबळ २०१४ मध्ये संपले, तेव्हा तमिळनाडू शासनाने आपल्या कार्यालयांना बॉस वापरण्याची सूचना दिली होती.

तथापि, ‘लिनक्स घातले की जुने यंत्र नवे होते’ असे सांगणे ही अर्धवट माहिती झाली. खरी अडचण हार्डवेअरच्या पाठबळाची असते. यंत्रातील प्रत्येक भागाशी बोलण्यासाठी प्रणालीला ड्रायव्हर नावाचा एक दुभाषा लागतो. अनेक उत्पादक आपल्या चिपची माहिती गुप्त ठेवतात; मग स्वयंसेवकांना तो दुभाषा तर्काने आणि प्रयोगाने घडवावा लागतो. म्हणूनच पडदा, कळफलक चालतात, पण वायफाय चालत नाही, ध्वनी येत नाही किंवा झाकण मिटल्यावर झोपलेले यंत्र पुन्हा जागे होत नाही, असे अनुभव येतात. वायफायच्या अनेक चिपना तर कंपनीचे बंदिस्त फर्मवेअरच लागते. अशी बंदिस्त वस्तू आपल्या मुख्य संचात घ्यावी का, यावर डेबियन या प्रकल्पाच्या सभासदांनी २०२२ मध्ये मतदान घेतले आणि ती घेण्याचा निर्णय केला. स्वातंत्र्याच्या तत्त्वाला त्यामुळे थोडी मुरड पडली. पण सामान्य माणसाचे यंत्र चालू लागले. हा निर्णय व्यवहार्य होता आणि योग्यही होता.

शिवाय, लिनक्सही काळाच्या नियमाला अपवाद नाही. ज्या ३८६ प्रोसेसरवर तिचा जन्म झाला, त्याचेच पाठबळ २०१२ च्या अखेरीस गाभ्यातून काढण्यात आले. डेबियनच्या २०२५ मधील आवृत्तीत ३२ बिटांच्या जुन्या संगणकांवर प्रणाली नव्याने बसवण्याची सोय उरलेली नाही. फरक इतकाच, की येथे निर्णयाची कारणे उघडपणे सांगितली जातात आणि दुसरा मार्ग काढण्याची मुभा वापरणाऱ्याला राहते.

म्हणून उत्साहापेक्षा क्रम महत्त्वाचा. प्रथम आपली सर्व कागदपत्रे आणि छायाचित्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत. मग लिनक्स पेनड्राइव्हवर घेऊन, आतल्या डिस्कला हात न लावता, यंत्र त्यावरूनच सुरू करावे. वायफाय, ध्वनी, कॅमेरा, टचपॅड हे सर्व याच वेळी तपासून पाहता येते. समाधान झाले तरच प्रणाली कायमची बसवावी. मेमरी दोन-चार जीबीच असेल, तर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी यांसारखे हलके रूप निवडावे. जुन्या फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी बसवल्यास यंत्राचा वेग लक्षात येण्याइतका वाढतो. इतके करूनही एकाच वेळी अनेक संकेतस्थळे उघडण्याचा हट्ट धरला, तर असे यंत्र अडखळणारच. लेखन, वाचन, हिशेब आणि प्रोग्रॅमिंगचा अभ्यास यांसाठी मात्र ते पुरेसे ठरते.

‘एवढी खटपट कशाला? नवा लॅपटॉपच घ्यावा,’ असे काहींचे म्हणणे असते. ज्याला परवडते त्याच्यापुरते ते खरेही असेल. पण २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील एक चतुर्थांशाहूनही कमी कचरा रीतसर गोळा झाला. उरलेल्यातला शिसे-पाऱ्यासारखा विषारी भाग शेवटी कोणाच्या तरी मातीत आणि पाण्यातच मुरतो. दुसरे असे, की ज्या घरात लॅपटॉप शासनाने दिला म्हणून आला, त्या घराला ‘नवा घ्या’ हा सल्ला म्हणजे ‘शिक्षण थांबवा’ असेच सांगण्यासारखे आहे. यंत्र वाटणे हा कामाचा केवळ आरंभ असतो. ते सांभाळण्याची विद्या शाळेत दिली नाही, तर प्रत्येक वाटप काही वर्षांत मोडीत निघते. केरळच्या शासकीय शाळांनी मुक्त प्रणाली पाठ्यक्रमातच आणली आणि शिक्षकांना तिचे प्रशिक्षण दिले, ही गोष्ट या दृष्टीने अनुकरणीय आहे. उत्पादकांनीही चिपची माहिती खुली केली पाहिजे. विकलेल्या वस्तूचे आयुष्य गुप्ततेने तोडण्याचा अधिकार त्यांना नसावा.

कुंभकोणममध्येच वाढलेल्या श्रीनिवास रामानुजन यांच्या हाती १९०३ च्या सुमारास जॉर्ज कार यांचे गणितावरील पुस्तक पडले. ते परीक्षार्थींसाठी लिहिलेले आणि सुमारे वीस वर्षांपूर्वीचे होते. कागद महाग म्हणून रामानुजन पाटीवर गणिते मांडत आणि कोपराने पुसत. जुनी साधने मिळाली म्हणून कोणी रामानुजन होत नाही, हे उघडच आहे. परंतु ते पुस्तक त्या वेळी मोडीत गेले असते, तर एका मुलासमोरचे दार कदाचित बंदच राहिले असते. घराच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या लॅपटॉपकडे पाहताना विचार करायचा तो एवढाच : याचा तळ खरोखर गेला आहे, की फक्त कल्हई उडाली आहे?