पडद्यावरचे व्याख्यान आणि शेजारचा सोबती

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि पाहता पाहता झूमवरील वर्ग, यूट्यूबवरील व्याख्याने व व्हॉट्सअॅपवरील गृहपाठ हे घरोघरचे दृश्य झाले. टाळेबंदी उठली, ही साधने मात्र महाविद्यालयांत कायमची राहिली. वेबिनारसाठी नाव नोंदवायचे, शेवटी अभिप्रायाचा अर्ज भरायचा आणि ईमेलने आलेले प्रमाणपत्र जपून ठेवायचे, ही रीत आता विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पडली आहे. प्रश्न एवढाच, की यातून ज्ञान किती पदरी पडते?

या संदर्भात अमेरिकेतील एक प्रयोग उद्बोधक आहे. 2012 साली एमआयटी या विख्यात संस्थेने इलेक्ट्रॉनिक्सचा एक अभ्यासक्रम इंटरनेटवरून जगाला विनामूल्य खुला केला. मंगळूरला वाढलेले प्रा. अनंत अगरवाल हे त्याच्या अध्यापकांपैकी प्रमुख. तब्बल 1 लाख 54 हजारांहून अधिक जणांनी नावे नोंदवली. प्रमाणपत्र मिळवले ते 7,157 जणांनी. म्हणजे शंभरांतले पाचही नव्हेत! अर्थात, अनेक जण केवळ कुतूहलापोटी डोकावले होते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

परंतु यशस्वी झाले ते कोण? 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून एक लक्षणीय बाब पुढे आली. ज्यांनी संगणकाबाहेर, प्रत्यक्ष कुणासोबत बसून अभ्यास केला, त्यांचे गुण एकट्याने शिकणाऱ्यांपेक्षा सरस होते. पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्यांत मंगोलियातील एक पंधरा वर्षांचा मुलगाही होता. त्याच्या बुद्धिमत्तेचे जगभर कौतुक झाले आणि ते योग्यच होते. मात्र त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीचे पदवीधर होते आणि त्यांनीच हा अभ्यासक्रम आपल्या शाळेत आणला होता, याचा फारसा उल्लेख होत नाही. व्याख्यान दुरून आले. पाठीशी उभा राहणारा माणूस जवळचाच होता.

आपल्याकडे 2017 साली केंद्र सरकारने 'स्वयम्' हा मंच सुरू केला. 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम विद्यार्थ्याला या मंचावरून पूर्ण करता येतात. आडगावच्या विद्यार्थ्याला नामांकित प्राध्यापकांचे अध्यापन लाभते, ही निश्चितच स्वागतार्ह गोष्ट होय. तथापि 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील केवळ 24 टक्के घरांत इंटरनेटची सोय आढळली होती. ग्रामीण भागात हे प्रमाण सुमारे 15 टक्केच होते. त्यानंतर मोबाइलचा प्रसार पुष्कळ झाला. पण तीन भावंडांत एक मोबाइल असणे म्हणजे प्रत्येकाच्या हाती शिक्षण असणे नव्हे.

म्हणून महाविद्यालयांनी किती वेबिनार घेतले याची यादी अहवालात छापण्यापेक्षा, व्याख्यान संपल्यावर विद्यार्थ्याच्या शंकेला उत्तर कोण देतो, हे पाहावे. व्हॉट्सअॅपचा गट केवळ सूचनांसाठी न ठेवता तेथे अध्यापकांनी शंकानिरसन करावे. आठवड्यातून एकदा तरी विद्यार्थ्यांना एकत्र बसवून पाहिलेल्या पाठाची चर्चा घडवावी. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. एक खोली, एक जोडणी आणि वेळ देणारा एक शिक्षक पुरेसा आहे.

पालकांनीही मुलाला "प्रमाणपत्र आले का?" असे विचारण्याऐवजी "आज काय कळले, ते मला सांग" असे म्हणून पाहावे. समजले आहे की नाही, ते सांगू लागल्यावर त्याचे त्यालाच उमगेल.