वलगणीच्या माशांची वाट: दहिसर नदी आणि आपला ओढा

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की ठाणे, पालघर, रायगडच्या गावांत वलगणीची गडबड सुरू होते. तळकोकणात त्यांनाच चढणीचे मासे म्हणतात. ओढ्याला गढूळ पाणी आले की मळ्या, शिंगटी, शिवडा, मरळ असे मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर सरकतात, भरलेल्या भातखाचरांत शिरतात आणि उथळ, गवताळ पाण्यात अंडी घालतात. शेतकरी मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लहानपणी बांधावर उभे राहून हे पाहिले असेल. आता गावोगावी एकच तक्रार ऐकू येते: पाऊस तेवढाच पडतो, मासे मात्र चढत नाहीत.

याचे कारण समजून घ्यायला मुंबईतली दहिसर नदी पाहण्यासारखी आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, तुळशी तलावाच्या परिसरात ती उगम पावते आणि बोरिवली, दहिसरमधून साधारण 12 किलोमीटर वाहत मनोरीच्या खाडीला मिळते. तुळशीचे धरण 1879 चे, म्हणजे माथ्यावरचा अडथळा तेव्हापासूनचा आहे. पण खालच्या वाटेचे नुकसान धरणाने केलेले नाही. दहिसर, एकसर, मागाठाणे ही एकेकाळची भातशेतीची गावे. तिथली खाचरे गेली, आणि 26 जुलै 2005 च्या पुरानंतर नदीच्या काठांना काँक्रिटच्या भिंती आल्या. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. भिंती का बांधल्या, हे वेगळे सांगायला नको. तरीही माशाच्या बाजूने पाहिले तर नदीला समांतर भिंतही आडव्या बांधाइतकीच अडवते, कारण वलगणीचा मासा फक्त वर जात नाही, तो बाजूला शेतातही शिरतो. अंडी घालायची जागाच भिंतीपलीकडे राहिली तर चढून उपयोग काय?

दुसरा अडथळा डोळ्यांना दिसत नाही. तबेल्यांचे शेण, वस्त्यांचे सांडपाणी नदीत आले की ते कुजताना पाण्यातला विरघळलेला प्राणवायू संपतो. असा अर्धा किलोमीटरचा पट्टासुद्धा माशासाठी बंद दरवाजा असतो. भर पावसात पाणी वाढून घाण पातळ होते, तेवढेच काही दिवस वाट उघडते. महापालिकेने या नदीसाठी सांडपाणी प्रक्रियेचे काम हाती घेतले आहे. माझ्या मते भिंतींवरच्या रंगरंगोटीपेक्षा नदीला याचाच खरा उपयोग होईल.

हे शहराचे दुखणे म्हणून सोडून देऊ नका. आपल्या ओढ्यावर हेच वेगळ्या रूपात चालू आहे. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गे मे महिन्यातच काढून ठेवायचे आणि पावसाळा सरताना पुन्हा बसवायचे, ही मूळ पद्धत आहे. बर्गे निघाले तर मासा मोकळा वर जातो. पण अनेक ठिकाणी खालचे दोन-तीन बर्गे गाळात रुतलेले म्हणून तसेच राहतात. नेमके तेच नडतात, कारण आपले बहुतेक मासे उडी मारणारे नाहीत. ते तळालगत पोहत, दगडाच्या आडोशाला दम खात चढतात. त्यांना हातभर सरळ उभा पडदा म्हणजे धरणच. बर्गे राहिले तर गाळही साठतो, म्हणजे तुमचा पाणीसाठाही घटतो. त्यामुळे पाणी वापर संस्थेच्या मे महिन्याच्या बैठकीत हा विषय घ्याच.

सिमेंट नाला बांधाला मात्र दरवाजेच नसतात. मी पाहिलेल्या अंदाजपत्रकांत माशांच्या वाटेचा साधा उल्लेखही नव्हता. उपाय तसा अवघड नाही. सांडव्याच्या एका कडेला खालच्या अंगाने दगडांचा लांब उतार रचायचा. एक मीटर उंचीला किमान 20 मीटर लांबी धरावी. मोठे दगड आलटूनपालटून ठेवावेत, म्हणजे त्यांच्या मागे संथ पाणी राहते. गुळगुळीत काँक्रिटचा उतार केला तर पाणी पातळ आणि वेगवान होते व मासा मागे फेकला जातो. बांधाला हात लावण्यापूर्वी ज्या विभागाने तो बांधला त्याच्या अभियंत्याची परवानगी घ्या. सांडव्याशी खेळ नको. शेतरस्त्याखालच्या सिमेंट पाइपांकडेही पाहा. पाइपाचे खालचे तोंड पाण्याच्या वर लटकत असेल तर वाट तिथेच संपते. नवीन पाइप टाकताना त्याचा तळ ओढ्याच्या तळापेक्षा थोडा खाली बसवावा, खर्च फारसा वाढत नाही.

मोठ्या नद्यांवर हा धडा महागात शिकला गेला. 1975 मध्ये गंगेवर फरक्का बराज सुरू झाले आणि समुद्रातून वर चढणारा हिल्सा वरच्या भागात जवळजवळ दिसेनासा झाला. तिथल्या नव्या जलवाहतूक लॉकचे दरवाजे हिल्सासाठी ठरावीक वेळी उघडे ठेवण्याची योजना 2019 मध्ये जाहीर झाली, म्हणजे चार दशकांनंतर. नेदरलँडमधल्या उट्रेख्तची गोष्ट गमतीची आहे. तिथे 2021 पासून कालव्याच्या लॉकपाशी पाण्याखाली कॅमेरा लावला आहे. घरबसल्या लोक तो पाहतात, मासा दिसला की बटण दाबतात आणि दरवाजा उघडायची वेळ झाली हे कर्मचाऱ्याला कळते. आपल्याकडे कॅमेऱ्याची गरज नाही, मासे चढले की गावात तसेही लपत नाही.

आणि इथेच आपलीही चूक कबूल करायला हवी. जून-जुलैत समुद्रातली यांत्रिक मासेमारी राज्यात बंद असते, कारण तो विणीचा काळ आहे. त्याच आठवड्यांत ओढ्याच्या तोंडावर आडवे जाळे लावून गाबोळीने भरलेली मादी आपण टोपलीभर पकडतो. घरच्या कालवणापुरते मासे धरण्याला माझा विरोध नाही. पण पात्राची पूर्ण रुंदी जाळ्याने बंद करू नका, अर्धी वाट मोकळी ठेवा. विजेचा झटका किंवा विषारी औषध तर नकोच.

खाचरात पिल्ले असतील तर ती डासांच्या अळ्या खातात. लावणीनंतरच्या पंधरवड्यात कीडनाशक फवारायचे असेल तर आधी किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली आहे का ते मोजा, आणि फवारणीनंतर खाचराचे पाणी काही दिवस ओढ्यात सोडू नका.