ॲमस्टरडॅमचे आठ तास खुर्चीत घालवू नका

लेकीकडे, मुलाकडे अमेरिकेला निघालेली आपली कितीतरी माणसं वाटेत ॲमस्टरडॅमला उतरतात. पुढचं विमान आठ तासांनी असतं. मग स्किपोल विमानतळावरच्या खुर्चीत, पर्स मांडीवर आणि बॅग पायाशी धरून ते आठ तास जातात. रात्रीचं जागरण असतं, परक्या देशाची धास्ती असते, हे मला समजतं. तरीही सांगतो, हा वेळ असा घालवू नका.

तयारी तिकीट काढतानाच करायची. भारतीय पासपोर्टवर स्किपोलच्या बाहेर पडायला शेंगेन व्हिसा लागतो. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे म्हणून इथे बाहेर सोडत नाहीत. सोडतात, हा गैरसमज फार पसरलेला आहे. शेंगेनची मोठ्या माणसाची फी 90 युरो, वर अर्ज केंद्राचे पैसे वेगळे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. माझं मत विचाराल, तर जाताना आणि येतानाही मोठा थांबा असेल तरच हा खर्च करा, आणि मग एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा व्हिसा मागा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळा प्रवास एकाच तिकिटावर असू द्या. स्वस्त पडतं म्हणून मुंबई-ॲमस्टरडॅम एक आणि पुढचं दुसरं अशी दोन तिकिटं घेतलीत, तर बॅगा मध्येच ताब्यात घ्यायची वेळ येऊ शकते. त्यांचा पट्टा पासपोर्ट तपासणीच्या पलीकडे असतो. व्हिसा नसेल तर तिथेच अडकाल.

आता हिशेब. आठ तासांतला एक तास बाहेर पडण्यात जातो. ऑक्टोबर 2025 पासून युरोपात येणाऱ्यांचे बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे कधी जास्तही लागतो. विमान सुटण्याआधी तीन तास परत हजर व्हायचं. जाण्यायेण्याचे धरून शहरासाठी उरतात जेमतेम तीन तास. थांबा सात तासांहून कमी असेल तर बाहेर पडूच नका.

तीन तासांत मात्र पुष्कळ होतं. रेल्वे स्टेशन विमानतळाच्या खालीच आहे. गाडी साधारण पंधरा-वीस मिनिटांत ॲमस्टरडॅम सेंट्रालला पोचवते. वेगळं तिकीट काढावं लागत नाही. बँकेचं कार्ड जाताना आणि उतरताना, दोन्ही वेळा यंत्राला टेकवायचं. परदेशी व्यवहार मुंबईतूनच चालू करून घ्या. तिथे बऱ्याच दुकानांत रोख पैसे घेत नाहीत.

म्युझियमच्या मोहात पडू नका. व्हॅन गॉखची चित्रं किंवा ॲन फ्रँकचं घर पाहायला आधी वेळ ठरवून तिकीट काढावं लागतं, आणि विमान उशिरा आलं की ते बुडतं. स्टेशनच्या मागच्या दारी या. तिथून आय नावाच्या पाण्यापलीकडे जाणारी फेरीबोट फुकट आहे. काही मिनिटांत पलीकडे, तेवढ्याच वेळात परत, आणि पाण्यावरून अख्खं शहर दिसतं. मग स्टेशनच्या पुढच्या बाजूने तासाभराची कालव्यांची फेरी घ्या. पाय दुखत असतील तरी बसून सगळं पाहता येतं. सतराव्या शतकातली अरुंद घरं नीट बघा. माथ्यावर बाहेर आलेली तुळई आणि तिला आकडा दिसेल. जिने इतके चिंचोळे की कपाट-पलंग आजही त्या आकड्याला दोर लावून खिडकीतून आत घेतात. दाम चौकातला राजवाडा 13,659 लाकडी खांबांवर उभा आहे, कारण खालची जमीन दलदलीची. तुम्ही जिथे उतरलात ते स्किपोलही 1852 पर्यंत तलाव होतं. पाणी उपसून केलेली ती जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे.

रस्त्यात लाल रंगाची पट्टी दिसली की तिच्यावर उभे राहू नका. ती सायकलींची वाट आहे, आणि सायकली वेगाने येतात.

व्हिसा नसला तरी मन छोटं करू नका. पासपोर्ट तपासणीच्या आतच राइक्सम्युझियमचं एक छोटं दालन आहे, अस्सल डच चित्रांचं, आणि तिथे तिकीट नाही. काही तासांसाठी खोली देणारं हॉटेलही आत आहे. साठीपुढच्या जोडप्याने तर खुशाल तीच घ्यावी. आंघोळ करून चार तास पाठ टेकली, की पुढचं लांबचं विमान सुसह्य होतं.

आणि एक कळकळीचं सांगणं. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेवा. चेक-इनला दिलेली बॅग तुम्हाला अमेरिकेत उतरल्यावरच मिळेल.