पटाशी भंगारात का टाकावी?

दुकानात फळ्या बसवायला आलेल्या मिस्त्रींनी दादांची जुनी पटाशी भंगारात काढली होती. मूठ उभी चिरली, एवढाच तिचा गुन्हा! कारागीर बांधवांनी अशी घाई करू नये, असे आम्हास वाटते. जुने पोलाद किलोच्या भावाने विकायची चीज नव्हे.

गंज रॉकेल लावून हळूहळू उतरवावा. ग्राइंडर मुळीच नको. पाते तापून निळे पडले की त्याचे पाणी उतरते, मग धार टिकत नाही. लोहाराचा ठसा असला तर तोही जातो. चीर बारीक असेल तर सरस भरून सुतळीने आवळावी. मूठ आरपार फुटली असेल तर वाळलेल्या बाभळीची नवी घालावी, लाकडाच्या रेषा लांबीत धराव्यात आणि डोक्याला लोखंडी कडे बसवावे.

वर अळशीचे तेल चोळावे. त्या तेलाच्या चिंध्यांबद्दल मात्र आम्ही कापडवाले बजावून सांगतो, बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना तापते, चिंध्या आपोआप पेट घेतात. एकेक सुटी करून बाहेर दोरीवर वाळवा.

मिस्त्रींची पटाशी सध्या आमच्या गल्ल्याशेजारी आहे. कडे करून आणायला ते लोहाराकडे गेले आहेत.